आधी सांग, अँटेना कुठं ठेवली होतीस?

छंद-शंका : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

दिवाळी झाली की या सदराच्या टपालात विमानं वाढतात. नागपुरात उन्हाळ्यात सकाळी आठनंतर मैदानावर उभं राहवत नाही, पावसाळ्यात वावरात गुडघाभर चिखल, त्यामुळे रिमोटच्या विमानांचा आपला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. यंदाच्या पत्रांतलं एक जवळजवळ पूर्ण छापतोय, कारण तशा तऱ्हेची तक्रार दरवर्षी कोणी ना कोणी करतं.

प्रश्न : काका, नमस्कार. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्रिमूर्ती नगरला राहतो. माझं सव्वा मीटर पंखांचं फोमचं ट्रेनर विमान हरवलं. विमानातला, रिमोटचे हुकूम ऐकणारा आधीचा रिसीव्हर मधूनच बंद पडल्यासारखा वाटायचा म्हणून शनिवारी रात्री नवा बसवला, हातातल्या ट्रान्समीटरशी बाइंड केला, म्हणजे दोघांची जोडी जुळवली. रविवारी काटोल रोडनं फेटरीच्या पुढं एका पडीक वावरात गेलो. पोचायला उशीर झाला, वारा सुटला होता, पूर्वेकडून, तोंडाला लागेल आणि पानं सळसळतील इतपत. मित्र म्हणाले, टाक लवकर. ट्रान्समीटरच्या काठ्या हलवून पाहिल्या, सगळं हलत होतं, हातानं फेकलं. पहिली चक्कर मस्त झाली. दुसऱ्या चकरेत उत्तरेला, दीडएकशे मीटरवर, वर चढताना डावीकडं जरा कललं आणि मग काही केल्या ऐकेना. मोटर चालूच होती. संत्र्याच्या बगीच्यावरून लहान लहान होत दिसेनासं झालं. उत्तरेकडचा पूर्ण बगीचा आणि पलीकडची पऱ्हाटी पालथी घातली, मिळालं नाही. बॅटरी भरलेली होती, तीन सेलची, २२०० एमएएचची. दुकानदार म्हणतो, रिसीव्हर तपासूनच दिला. मला वाटतं, त्यानं खराब माल गळ्यात मारला. भांडू का? विमान कसं शोधू? आणि तिथले एक सीनियर म्हणाले, एवढ्याशा विमानाला कुठं चेकलिस्ट लावत बसतोस बे, नशिबाचा खेळ आहे. खरं का?
ता. क. : रिसीव्हरच्या दोन वायरी लांब होत्या, त्या नीट गुंडाळून बॅटरीच्या खाली टेपनं पक्क्या केल्या होत्या. म्हणजे वायर तुटली असेल हे शक्य नाही.

उत्तर : बाप्पा! अख्ख्या पत्राचं उत्तर तुझ्या ताज्या कलमात आहे.

शोधायचं कसं, ते तुला पत्र मिळाल्याबरोबर फोनवर कळवलं होतं. अंक निघेपर्यंत थांबलो असतो तर विमानावर गोगलगायी बसल्या असत्या. बाकीच्यांसाठी इथं पुन्हा लिहितो.

तू उत्तरेकडं शोधलंस, कारण ते उत्तरेकडं जाताना दिसलं. पण ते सरळ कुठं जात होतं? तूच लिहितोस, डावीकडं जरा कललं होतं. काठी सोडली तरी ते कललेलंच राहिलं, म्हणजे ते वळतच राहणार. ट्रेनरचे पंख टोकाला जरा वर उचललेले असतात, असलं विमान कोणी हात लावला नाही तर मोठमोठी वर्तुळं घेत बसतं. लहान होत गेलं ते लांब गेल्यामुळं जितकं, तितकंच वर गेल्यामुळंही. आणि ही वर्तुळं जमिनीला बांधलेली नसतात, वारा त्यांना सगळीच्या सगळी ढकलत नेतो. तोंडाला लागणारा, पानं सळसळवणारा वारा म्हणजे ताशी दहाएक किलोमीटर. वर तो नेहमीच जास्त असतो. तुझ्या बॅटरीत अजून सातआठ मिनिटं मोटर चालेल इतका दम होता; त्यानंतर मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर मोटर बंद करतो आणि विमान तरंगत, फिरत खाली येतं, त्यात आणखी दोनतीन मिनिटं. दहा मिनिटं, ताशी दहा किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर पश्चिमेला. वरचा वारा धरून अडीच म्हण. अंदाजच आहे हा, पण जिथं तू बगीचा पालथा घातलास त्यापेक्षा बरा. पश्चिमेकडचा एक ते अडीच किलोमीटरचा पट्टा, अर्धा किलोमीटर रुंद धरून बघ.

वावरात घुसू नकोस, धुऱ्याधुऱ्यानं जा. तूर शेंगांवर आहे, फांद्या मोडल्या तर शिव्या खाशील आणि त्या बरोबरच असतील. बगीच्याच्या राखणदाराला, गुरं चारणाऱ्यांना फोन नंबर देऊन ठेव. त्या शिवारात तुझ्यापेक्षा त्यांचे डोळे जास्त फिरतात, आणि सापडून देणाऱ्याला काय देणार तेही आधीच सांग, लाजू नकोस. पुढच्या विमानाच्या पोटावर मार्करनं नंबर लिहून टाक. सापडलंच तर नाकावरच्या पंख्यासमोर हात न घालता मागून धर आणि आधी बॅटरीची पिन काढ. आपटलेली लिथियम पॉलिमर बॅटरी लगेच बॅगेत घालायची नाही. ती तासाभरानंही पेट घेऊ शकते, आणि डिसेंबरात सोयाबीनचं कुटार, वाळकं गवत, सगळं पेटायला तयारच असतं. उघड्या मातीवर ठेव, लक्ष ठेव.

ज्यांचं विमान अजून हरवायचं आहे त्यांना एक सांगतो. विमान नजरेआड झालं की सगळे एकदम धावत सुटतात, तिथंच चूक होते. उडवणाऱ्यानं जागेवरून हलू नये. शेवटचं जिथं दिसलं त्याच्या खाली क्षितिजावर काय आहे ते पकडायचं, टॉवर, ताडाचं झाड, काहीही, आणि फोनमधल्या कंपासवर तो आकडा वाचायचा. बरंच लांब बाजूला उभ्या असलेल्या मित्रानंही त्याचा आकडा वाचायचा. दोन रेषा नकाशावर कुठं कापतात ते घरी बसून काढता येतं. धावत गेल्यावर एकही रेषा हाती राहत नाही.

आता दुकानदार. त्याच्याशी भांडू नकोस, निदान आत्ता नको.

तुझ्या रिसीव्हरला ज्या दोन करड्या, सुतळीपेक्षा बारीक वायरी असतात, त्यांच्या टोकाकडं नीट बघितलंयस कधी? वायरचा बहुतेक भाग जाड दिसतो, त्यावर आतून जाळीचं आवरण असतं. शेवटचे तीन सेंटिमीटर मात्र बारीक, उघडे. अँटेना म्हणजे एवढीच, ते तीन सेंटिमीटर. बाकीची लांबी फक्त तिला रिसीव्हरपासून दूर न्यायला दिलेली असते. आपले संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा तीन सेंटिमीटरच्या थोडा वर, म्हणून टोक तेवढं. ती लांबी कंपनीला तुझ्या सोयीसाठी कमी करता आली असती, पण तिनं ती मुद्दाम दिली, कारण बॅटरी, मोटरच्या वायरी, पंखातली कार्बनची दांडी यांच्यापासून टोक दूर राहायला हवं. कार्बन आणि धातू या लहरी अडवतात. तू काय केलंस? दोन्ही टोकं गुंडाळलीस आणि बॅटरीखाली दाबलीस. त्यातून एक एकीकडं आणि दुसरी तिच्याशी काटकोनात हवी, म्हणजे विमान कोणत्याही बाजूला वळलं तरी एकीला तरी ऐकू येतं. तुझ्या दोन्ही एकाच अंधारात होत्या.

"पण वावरात सगळं हलत होतं की, काका!" हलणारच. दहा पावलांवरून अँटेना नसलेला रिसीव्हरसुद्धा बऱ्याचदा चालतो. काठ्या हलवून पाहिल्यावर तुला फक्त एवढं कळलं की सर्व्हो, म्हणजे पडदे हलवणाऱ्या छोट्या मोटरी, जोडलेले आहेत. दीडशे मीटरवर, वर चढताना, विमानाचं पोट आणि बॅटरी नेमकी तुझ्या आणि अँटेनाच्या मधे आली, तेव्हा काय होणार हे कळलं नाही. ते कळायला रेंज टेस्ट असते. जवळजवळ प्रत्येक ट्रान्समीटरच्या मेनूत ती सापडते: बटण दाबलं की तो मुद्दाम अगदी कमी ताकदीनं बोलतो. मग पुस्तिकेत दिलेलं अंतर, साधारण तीसेक पावलं, चालत जायचं; मित्रानं विमान धरून सगळ्या बाजूंनी वळवायचं, पोट तुझ्याकडं, शेपूट तुझ्याकडं; आणि तू काठ्या हलवत राहायचं. एकदा मोटर बंद ठेवून, एकदा अर्ध्या थ्रॉटलवर, म्हणजे मोटर अर्ध्या जोरावर, घट्ट धरून. मला वाटतं, तुझं विमान त्यात पंधराव्या पावलावरच मुकं झालं असतं, आणि तू आज संध्याकाळी पोहे खात अँटेना नीट चिकटवत बसला असतास.

पण थांब, हे झालं विमान ऐकेनासं का झालं याचं कारण. ते निघून का गेलं, हा वेगळा मामला आहे. सिग्नल तुटल्यावर मोटर बंद पडली असती तर ते बगीच्याच्या अलीकडंच कुठंतरी उतरलं असतं, पंख तुटून का होईना, डोळ्यांसमोर. मोटर चालू राहिली म्हणजे नव्या रिसीव्हरचा फेलसेफ, सिग्नल तुटला की काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायची सोय, लावलेला नव्हता. काही रिसीव्हर फेलसेफ न लावल्यास शेवटचा मिळालेला हुकूम धरून बसतात, "ठेव" म्हणेपर्यंत पोतं डोक्यावर घेऊन उभ्या राहणाऱ्या हमालासारखे. तुझा शेवटचा हुकूम होता: अर्ध्याहून जास्त थ्रॉटल, जरा डावीकडं. तो त्यानं इमानदारीत पाळला. काही संचांत फेलसेफ बाइंड करताना आपोआप ठरतो, काहींत मेनूत जाऊन ठरवावा लागतो, आणि म्हणूनच रिसीव्हर बदलला की तो पुन्हा बघायचाच. बघायची रीत अशी: घरी, पंखा काढून, थ्रॉटल थोडा वर नेऊन ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर थांबली पाहिजे. चालूच राहिली, तर रविवारी घरी बसायचं.

रिसीव्हर सापडला तर अँटेना बाहेर काढून, एकमेकींशी काटकोनात लावून, ही रेंज टेस्ट कर. तरीही फेल गेला, तर खुशाल दुकानात जा, माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

तुझ्या सीनियरना काय सांगायचं? मला त्यांची गंमत वाटते. लहान विमानाला चेकलिस्ट नको, हे म्हणणं फार जुनं आहे, फक्त उलट्या बाजूनं. १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या राईट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ नावाचं चार इंजिनांचं नवंकोरं बॉम्बर चाचणीला उडालं, वर चढलं आणि कोसळलं. शेपटीचे हलते पडदे वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून जमिनीवर लावलेलं कुलूप काढायचंच राहिलं होतं. चालवणारे अव्वल होते, त्यातले दोघं गेले. तेव्हा लोक म्हणाले, हे विमान माणसाला झेपण्यापलीकडचं आहे. वैमानिकांनी मात्र एका कार्डावर यादी लिहिली, आणि पुढं हेच विमान बी-१७ म्हणून हजारोंनी उडालं. म्हणजे यादी निघाली ती विमान मोठं होतं म्हणून नाही, हुशार माणसालाही काठी हलते का हे बघायचं राहतं म्हणून. आणि तुझ्या विमानाचं वजन किलोभर असलं तरी त्याचा पंखा कोणाच्या नाकाकडं जायचा ते वजन बघून ठरवत नाही.

आमच्या वेळची गोष्ट सांगतो, सल्ला म्हणून नाही. पूर्वीच्या मेगाहर्ट्झवाल्या संचांना रिसीव्हरची वायर मीटरभर लांब असायची, शेपटीमागं लोंबत असायची. दिसायला भयंकर. पण ती गुंडाळायची कोणाची हिंमत होत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं की हीच ऐकते. आताच्या संचांत ऐकणारा भाग एवढा लहान झालाय की तो वायरीचा राहिलेला तुकडा वाटतो. नव्या मुलांचं इथंच फसतं, निष्काळजीपणात तेवढं नाही.

मैदानावरची माझी रीत विचारशील तर, मी विमानाच्या नाकापासून सुरू करून डावीकडून गोल फिरतो आणि प्रत्येक जागी हात लावतो. नुसतं बघत नाही. डोळे खोटं बोलतात. पंखा, त्याची नट, मोटरचे स्क्रू. मग पंख, रबर असतील तर चिरलेले नाहीत ना. एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलते पडदे, आणि शेपटीचे पडदे बोटात धरून जरा ओढायचे. सर्व्होपासून येणाऱ्या तारेच्या टोकाला जी प्लॅस्टिकची चिमटी असते ती सैल झालेली असली तर इथं कळते, हवेत कळून उपयोग नाही. बॅटरी जागेवर बसवून मग पंखाखाली दोन बोटांवर विमान तोलायचं, पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते तिसऱ्या हिश्शात ते सरळ राहिलं पाहिजे. मी तिथं खाली दोन ठिपके काढून ठेवतो. नंतर ट्रान्समीटर आधी चालू, त्यात याच विमानाची साठवलेली सेटिंग निवडली आहे का ते वाचून, थ्रॉटल तळाशी, मगच विमानाची बॅटरी. काढताना उलट. काठी उजवीकडं, तर उजवं एलेरॉन वर. काठी पोटाकडं ओढली, तर शेपूटचा पडदा वर. हे मोठ्यानं बोलतो, लोक हसतात, हसू देत. बॅटरी तीन सेलची असेल तर मीटरवर साडेबाराच्या आसपास दिसली पाहिजे.

आणि मध्येच कोणी "काका, हे कितीला पडलं?" विचारलं की पहिल्यापासून. जिथं थांबलो तिथून नाही. तुझ्या मित्रांनी "टाक लवकर" म्हटलं त्या क्षणी तुझी तपासणी संपली होती, तू फक्त काठ्या हलवल्यास. उशीर झाला म्हणून वारा वाढला, वारा वाढला म्हणून घाई, घाईत जे शनिवारी रात्री बदललं नेमकं तेच तपासायचं राहिलं. मागच्या उड्डाणानंतर ज्या गोष्टीला हात लावलास, तिच्यापासून तपासणी सुरू करायची. रिसीव्हर बदलला होतास, म्हणजे त्या दिवशी रेंज आणि फेलसेफ एवढं झालं असतं तरी चाललं असतं, बाकी सगळं पाहायचं राहिलं असतं तरी.

पुढच्या विमानात हरवलेलं विमान शोधायचा बझर लाव. रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनेलला जोडायचा. तुरीच्या दाट ओळीत पांढरं विमान दहा फुटांवरून दिसत नाही, पण चिंचीं चिंचीं ऐकू येतं.

प्रश्न : मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला, त्याच्या विमानाच्या बॅटऱ्या इथंच कपाटात आहेत. एक फुगून उशीसारखी झालीय. फेकू का? फ्रिजमध्ये ठेवू का? (एक आई, प्रताप नगर)

उत्तर : ताई, फ्रिज नको, आणि घंटागाडीत तर मुळीच नको, कचऱ्यात ती दाबली गेली, भोसकली गेली तर गाडीसकट पेटेल. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची नाही, दाबून सपाट करायची नाही. वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत, सावलीत, लाकूड-कापड जवळ नसेल अशा जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्या. वायरींच्या टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावा, दोन्ही एकमेकांना लागू द्यायच्या नाहीत.

बाकीच्या ज्या फुगल्या नाहीत, त्या मुलानं बहुधा पूर्ण भरून ठेवल्या असतील. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टवर असतो, महिनोन्‌महिने तसाच ठेवला की खराब होतो. ठेवायचा तर ३.८च्या आसपास. त्याच्या चार्जरवर स्टोरेज असं बटण असेल; संक्रांतीला घरी आला की पहिलं काम तेच करायला लावा. मे महिन्यात बंद गाडीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका, आपल्याकडं बाहेरच पंचेचाळीस अंश असतं.

प्रश्न : आम्ही काही जण अंबाझरीकडं उडवतो. कोणी म्हणतं परवानगी लागते, कोणी म्हणतं खेळण्याला काय परवानगी? (एक वाचक, गोकुळपेठ)

उत्तर : लागते. २०२१च्या ड्रोन नियमांत आपली विमानं वेगळ्या नावानं आहेत: पंचवीस किलोपर्यंतची, हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेली मॉडेलं. त्यांना टाइप सर्टिफिकेटमधून, म्हणजे त्या बनावटीला मान्यता असल्याच्या दाखल्यातून, सूट आहे, आकाशाच्या नियमांतून नाही. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आत लाल पट्टा, तिथं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही; पाच ते आठ किलोमीटरमध्ये पिवळा, तिथं विमान वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत मोकळीक. त्यापलीकडं, नकाशात लाल-पिवळं नसेल तर, चारशे फूट. सोनेगावचा विमानतळ शहराला इतका चिकटलेला आहे की अंबाझरी काय, तुमचं गोकुळपेठही आठ किलोमीटरच्या आतच येतं. त्यात वायुसेनानगर जवळ. म्हणून आम्ही जुने लोक काटोल रोड, उमरेड रोड धरून गावाबाहेर जातो. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडून त्या वावरावर बोट ठेवून रंग बघा, आणि शेतमालकाला विचारा; तो नकाशावर नसतो, पण काठी घेऊन येतो तोच.